खोलीत वटवाघूळ शिरलं होतं? खिडकी उघडण्याआधी एवढं पाहा

अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांत उन्हाळ्यात कुठे ना कुठे हे घडतंच. जुलै-ऑगस्टची रात्र असते. भारतातून आलेले आई-बाबा पाहुण्यांच्या खोलीत, नातवंड आजीच्या कुशीत, आणि मध्यरात्री छताजवळ काहीतरी फडफडतं. दिवा लावल्यावर कळतं की वटवाघूळ आहे. मग एकच धांदल उडते. कुणी टॉवेल भिरकावतं, कुणी झाडू शोधतं, शेवटी कुणाला तरी खिडकी उघडायचं सुचतं. ते बाहेर जातं आणि सगळे पुन्हा झोपतात. नाशिक-साताऱ्याच्या घरात आपण हेच केलं असतं आणि त्यात फारसं काही बिघडलंही नसतं. उत्तर अमेरिकेत मात्र ते वटवाघूळ हाताशी असतं, तर तपासणी करून दोन-तीन दिवसांत प्रश्न निकालात निघाला असता. ते गेलं की मागे राहते ती शंका, आणि रेबीजच्या बाबतीत शंका उशाशी घेऊन झोपता येत नाही.

रेबीज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पिसाळलेला कुत्रा येतो. भारतापुरतं ते बरोबरच आहे. आपल्याकडे जवळपास सगळा रेबीज कुत्र्यांमुळे होतो. अमेरिकेत कुत्र्यांचं लसीकरण इतकं पक्कं झालं की कुत्र्यांत पसरणारा रेबीजचा प्रकार देशातून हद्दपार झाल्याचं 2007 साली जाहीर झालं. विषाणू मात्र रानात राहिला. रॅकून, स्कंक, कोल्हे आणि वटवाघळं हे त्याचे तिथले मुक्काम. यांपैकी सरळ झोपायच्या खोलीत येऊन पोहोचणारं म्हणजे वटवाघूळ. अमेरिकेत रेबीजने दगावणाऱ्या दर दहांपैकी सात जणांना तो वटवाघळापासून झालेला असतो, असं तिथली रोग नियंत्रण संस्था सीडीसी सांगते. एकूण आकडा लहान आहे, देशभरात वर्षाला दहाही मृत्यू होत नाहीत. पण तो लहान राहिला आहे, कारण दरवर्षी सुमारे एक लाख लोक वेळेवर इंजेक्शनं घेतात.

झोपलं कोण होतं?

वटवाघूळ दिसलं की पहिली दोन मिनिटं त्याच्यामागे धावू नका. आधी एक गोष्ट ठरवा: ते इथे असताना या खोलीत कोण कोण होतं, आणि त्यांतला प्रत्येक जण "मला ते शिवलं नाही" असं खात्रीने सांगू शकतो का?

जागा असलेला, शुद्धीवर असलेला मोठा माणूस हे सांगू शकतो. झोपलेला सांगू शकत नाही. तान्हं बाळ सांगू शकत नाही, आणि दोन-तीन वर्षांचं मूल सांगेल त्यावर विसंबता येत नाही. स्मृतिभ्रंश असलेले आजोबा, झोपेची गोळी घेतलेली आजी, पार्टीहून उशिरा येऊन गाढ झोपलेला पाहुणा यांचंही तेच. अशा कुणाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं, तर अमेरिकेतली आरोग्य खाती ते 'संपर्क झाला असण्याची शक्यता' म्हणूनच धरतात. अशा वेळी खिडकी बंदच ठेवायची आणि वटवाघूळ पकडायचं. चावलं, ओरखडलं, किंवा त्याची लाळ डोळ्यात, तोंडात, उघड्या जखमेत गेली असेल तर मग चर्चेला जागाच नाही.

उलट बाजूही तितकीच स्पष्ट सांगायला हवी, कारण घाबरून सगळ्या घराला इंजेक्शनं टोचून आणणारेही असतात. सगळे हॉलमध्ये जागे बसलेत, वटवाघूळ दारातून आत आलं, दोन चकरा मारल्या, कुणाला शिवलं नाही, आणि झोपायच्या खोल्यांची दारं बंद होती. मग काहीही करायची गरज नाही. दिवे मालवा, बाहेरची खिडकी किंवा दार उघडा, जाऊ द्या त्याला. ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, वटवाघूळ दिसणं, अंगणात डोक्यावरून उडत जाणं, त्याची विष्ठा किंवा मूत्र हाताला लागणं यांतून रेबीज होत नाही. त्यांचं रक्त लागूनही नाही. विषाणू लाळेत असतो आणि मेंदू-मज्जासंस्थेत असतो.

मधली परिस्थिती सर्वांत त्रासाची. सकाळी स्वयंपाकघरात वटवाघूळ सापडलं आणि रात्रभर मुलांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, तर ते आत गेलं होतं की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. हा निर्णय आपल्या अंदाजाने घेऊ नये. वटवाघूळ पकडून ठेवावं आणि आरोग्य खात्याला विचारावं.

चावलं असतं तर कळलं नसतं का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि जिवावर बेततं ते बहुतेक वेळा याच समजुतीने. कुत्रा चावला की रक्त येतं, दात उमटतात, आरडाओरडा होतो. अमेरिकी घरांत नेहमी शिरणारं बिग ब्राउन बॅट साधारण वीस ग्रॅमचं असतं, म्हणजे एका पेढ्याएवढं. पंख पसरल्यावर ते फूटभर दिसतं म्हणून मोठं वाटतं, पण त्याचं तोंड किडे पकडण्यासाठी बनलेलं आहे. दात सुईच्या टोकासारखे बारीक. त्याच्या चाव्याची खूण म्हणजे टाचणी टोचल्यासारखा एखादा ठिपका. तो रात्रीतून दिसेनासाही होऊ शकतो, किंवा डास चावलाय असं वाटून नजरेतून सुटतो. केसांत, कानामागे, बोटांच्या बेचक्यात असेल तर शोधूनही सापडणार नाही. म्हणून अंग तपासून "काही दिसत नाही, म्हणजे काही झालं नाही" हा निष्कर्ष काढता येत नाही. खूण दिसली तर उपचार नक्की. न दिसली तर प्रश्न तिथेच उभा.

2021 साली सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, जेमतेम पाच-सहा आठवड्यांत, अमेरिकेत तिघांचा वटवाघळाच्या रेबीजने मृत्यू झाला. आयडाहोतल्या माणसाच्या कपड्यांत वटवाघूळ अडकलं होतं. आपल्याला ते चावलं असेल असं त्याला वाटलं नाही. टेक्ससमधल्या मुलाचा वटवाघळाशी संपर्क झाल्याचं घरच्यांना माहीत होतं, पण जखम दिसली नाही म्हणून पुढे काही केलं गेलं नाही. इलिनॉयमधले ऐंशी ओलांडलेले गृहस्थ मानेवर वटवाघूळ बसलेलं असतानाच जागे झाले. ते पकडलं गेलं, तपासलं गेलं, त्याला रेबीज असल्याचं निष्पन्न झालं आणि तसं त्यांना कळवलंही गेलं. त्यांनी उपचार नाकारले. महिन्याभरात मान दुखू लागली, बोटं बधिर झाली, बोलणं अडखळू लागलं. इलिनॉय राज्यात माणसाला रेबीज झाल्याची 1954 नंतरची ती पहिली घटना होती.

तिघांपैकी एकाला जरी वेळेवर इंजेक्शनं मिळाली असती तरी तो वाचला असता, हे मी जबाबदारीने लिहितो आहे. या रोगाचं विचित्र गणित असं आहे की लक्षणं दिसण्याआधी उपचार जवळजवळ शंभर टक्के लागू पडतात आणि लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कधीच नाहीत. 2004 साली विस्कॉन्सिनमध्ये पंधरा वर्षांच्या मुलीने चर्चमध्ये पडलेलं वटवाघूळ उचललं, ते बोटाला चावलं, जखम पुसून घरच्यांनी विषय सोडून दिला. महिन्याभराने तिला रेबीज झाला आणि मिलवॉकीच्या डॉक्टरांनी तिला औषधांनी कोमात ठेवून वाचवलं. लस न घेता रेबीजमधून वाचलेली ती पहिली माणूस म्हणून जगभर गाजली. पण त्याच पद्धतीने पुढे इतरांवर जे प्रयत्न झाले, त्यांतले बहुतेक फसले. तिच्या उदाहरणावर कुणी भरवसा ठेवू नये.

डबा आणि पुठ्ठा

पकडायचं ठरलं, तर घाई नको. मुलं, म्हातारी माणसं, कुत्रा-मांजर यांना खोलीबाहेर काढा. दार लावा, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबा. छताचा पंखा बंद करा. दिवा चालू ठेवा. आता थांबा. वटवाघूळ दमतं आणि पाच-दहा मिनिटांत कुठेतरी बसतं. बहुतेकदा पडद्याच्या वरच्या घडीत किंवा भिंत आणि छत मिळतात तिथल्या कोपऱ्यात.

जाड चामड्याचे हातमोजे घाला, बागकामाचे चालतील. स्वयंपाकघरातले रबरी मोजे किंवा नुसता टॉवेल नको. दात त्यातून आरपार जातात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा, कॉफीचा रिकामा डबा किंवा बुटांचा खोका घ्या आणि बसलेल्या वटवाघळावर हलकेच उपडा धरा. मग भिंत आणि डब्याची कड यांच्या मधून एक ताठ पुठ्ठा सावकाश सरकवा. पडद्यावर असेल तर पडद्यामागून दुसऱ्या हाताने आधार द्यावा लागतो, तो हातही मोज्यातला हवा. पुठ्ठ्यावर चिकटपट्टी सगळीकडून घट्ट लावा, हवेपुरती बारीक छिद्रं पाडा, आणि डबा मुलांचा हात पोहोचणार नाही अशा थंड जागी ठेवा.

बॅट, रॅकेट, झाडू यांनी त्याला ठेचू नका. तपासणी मेंदूची होते. डोकं चेंगरलं तर तपासणीच होऊ शकत नाही, आणि मग वटवाघूळ हाती असूनही नसल्यासारखंच. मेलेलं सापडलं किंवा धडपडीत मेलं, तर मोज्याने उचलून दोन पिशव्यांत बंद करा आणि थंड ठेवा. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, अन्नापासून दूर, किंवा बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मासमध्ये. फ्रीझरमध्ये नको.

दिवसाढवळ्या जमिनीवर पडलेलं, उडता न येणारं वटवाघूळ जास्त संशयास्पद. निरोगी वटवाघूळ सहसा माणसाच्या हाती लागत नाही. मुलांना नेमकं असंच पडलेलं सापडतं आणि दया येऊन ती ते उचलतात. कॅलिफोर्नियात 2024 साली एका शिक्षिकेने वर्गात सापडलेलं वटवाघूळ बाहेर सोडण्यासाठी उचललं आणि तिला रेबीज झाला. "वटवाघळाला हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं" हे मुलांना आजच सांगून ठेवा.

कुणाला चावल्याची खूण दिसत असेल, किंवा चावलं असं वाटत असेल, तर पकडापकडी दुसऱ्यावर सोपवा आणि त्या व्यक्तीची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावता येईल. हळद, चुना, तिखट यांतलं काहीही नको. डोळ्यात काही उडालं असेल तर नुसत्या पाण्याने तेवढाच वेळ.

फोन कुणाला करायचा

अमेरिकेत आपल्या काउंटीचं किंवा राज्याचं आरोग्य खातं. रेबीजसाठी त्यांच्याकडे सुटीच्या दिवशीही बोलायला माणूस असतो. ते विचारतील: वटवाघूळ कधी दिसलं, कुठल्या खोलीत, कोण झोपलं होतं, दारं उघडी होती का, घरातल्या प्राण्यांना लस आहे का, वटवाघूळ तुमच्याकडे आहे का. ही उत्तरं रात्रीच एका कागदावर लिहून ठेवा. सकाळी घरातले चार जण चार गोष्टी सांगतात. प्राणी नियंत्रण विभागाचा माणूस डबा घेऊन जातो किंवा तो कुठे पोहोचवायचा ते सांगितलं जातं.

प्रयोगशाळेत मेंदूच्या नमुन्यावर रेबीजच्या विषाणूला चिकटणारी, चमकणारी प्रतिपिंडं टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निकाल साधारण एक ते तीन दिवसांत येतो. तपासायला आणलेल्या शंभर वटवाघळांपैकी सहाएक रेबीजग्रस्त निघतात, आणि ती मुळात संशय आलेली, आजारी किंवा मेलेली जास्त असतात. रानातल्या वटवाघळांत हे प्रमाण त्याहून बरंच कमी आहे. म्हणजे वटवाघूळ हाती असेल, तर निकाल "रेबीज नाही" असाच येण्याची शक्यता खूप मोठी. तो आला की विषय संपला, एकाही माणसाला सुई टोचावी लागत नाही. ते पकडण्यासाठी एवढा जीव काढायचा तो यासाठी.

माणसाचं रक्त तपासून हे कळत नाही. लक्षणं नसताना विषाणू शरीरात शिरलाय की नाही हे सांगणारी तपासणी नाही. "आधी टेस्ट करून बघू, मग इंजेक्शनाचं बघू" हा मार्गच उपलब्ध नाही.

घाई किती करायची? मध्यरात्री गाडी काढून इमर्जन्सीत धावायची वेळ सहसा नसते; विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे हळूहळू सरकतो आणि लक्षणांना बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. पण "लाँग वीकेंड आहे, मंगळवारी बघू" हेही नको. त्याच दिवशी फोन झाला पाहिजे. चेहऱ्यावर किंवा मानेवर चावल्याचं स्पष्ट असेल, तर निकालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात आणि निकाल चांगला आला तर थांबवतात. आणि हे वाचताना मागच्या महिन्यातली एखादी रात्र आठवून कुणाच्या पोटात गोळा आला असेल, तर त्यांनीही आज फोन करावा. लक्षणं नाहीत तोपर्यंत उशीर झालेला असला तरी उपचार देतात.

आता पोटात चौदा इंजेक्शनं नाहीत

आपल्या आई-वडिलांच्या पिढीच्या मनात रेबीजच्या इंजेक्शनांची धास्ती आहे, आणि ती खोटी नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस पोटात टोचली जायची, रोज एक, आणि तिचे दुष्परिणामही असायचे. भारताने ती 2004 च्या अखेरीस बंद केली. आताची लस दंडात देतात, लहान मुलांना मांडीत. दुखते ती इतर लशींएवढीच. गरोदर बाईलाही देतात. नको म्हणणाऱ्या आजी-आजोबांना हे शांतपणे समजावून सांगा. इलिनॉयच्या त्या गृहस्थांच्या नकारामागेही लशीची जुनी भीतीच होती.

अमेरिकेतलं वेळापत्रक असं: पहिल्या दिवशी लस आणि त्यासोबत इम्युनोग्लोब्युलिन, मग तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी लस. पहिला दिवस 'शून्य' धरून हे दिवस मोजतात. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने कमी झाली आहे त्यांना अठ्ठाविसाव्या दिवशी पाचवा डोस. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडं. लस घेतल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडं बनवायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवरची राखण ही उसनी प्रतिपिंडं करतात. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे 20 एककं, आणि जखम असेल तर ती मुख्यतः जखमेतच आणि तिच्याभोवती टोचायची असते. जखम सापडत नसेल तर लशीपासून दूरच्या जागी, उदाहरणार्थ मांडीत देतात. पहिल्या दिवशी ती राहून गेली, तर सातव्या दिवसापर्यंत देता येते.

पूर्वी कधी रेबीजची आधुनिक लस पूर्ण घेतली असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही आणि लशीचे दोनच डोस पुरतात, शून्य आणि तिसऱ्या दिवशी. भारतात वाढलेल्या अनेकांना लहानपणी कुत्रा चावलेला असतो, म्हणून हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पण पोटातली जुनी इंजेक्शनं या हिशेबात धरत नाहीत.

अमेरिकेत या उपचाराचं बिल हजारो डॉलरांत जातं आणि त्यातला मोठा वाटा इम्युनोग्लोब्युलिनचा. नोकरीचा विमा असेल तर बराचसा खर्च भागतो. पाहुण्या आई-बाबांच्या प्रवास विम्यात मात्र अनेकदा ठरावीक रकमेच्या पुढे काही मिळत नाही. यासाठी विमा घेतानाच पॉलिसी नीट वाचा. बिल आलं तर रुग्णालयाच्या आर्थिक मदत विभागाशी बोला. लसउत्पादक कंपन्यांच्याही मदत योजना असतात. दर वेळी इमर्जन्सीतच जायला हवं असंही नाही. इम्युनोग्लोब्युलिन साधारण तिथेच मिळतं, पण पुढचे लशीचे डोस इतर ठिकाणी स्वस्तात मिळू शकतात. आरोग्य खात्याला तसं विचारा. आई-बाबांचं परतीचं तिकीट मध्येच येत असेल, तर उरलेले डोस पुण्या-मुंबईत पूर्ण करता येतात. लशीचं नाव आणि तारखा लिहिलेला कागद सोबत द्या.

कॅनडाचा वेगळा निर्णय

ऑन्टॅरिओ-क्यूबेकमध्ये नियम थोडा निराळा आहे आणि त्यामागे विचार आहे. झोपलेल्या माणसाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं, पण संपर्काचा काहीच पुरावा नाही, अशा वेळी धोका इतका कमी असतो की एक मृत्यू टाळायला लाखो लोकांना इंजेक्शनं द्यावी लागतील, असा अंदाज क्यूबेकमधल्या मोठ्या पाहणीतून पुढे आला. त्यामुळे तिथे 2009 पासून, संपर्काची चिन्हं नसतील तर मोठ्या माणसाला सरसकट उपचार सुचवत नाहीत. मुलांच्या बाबतीत निकष कडक आहे: वटवाघूळ मुलाच्या अंगावर बसलं, कपड्यांवरूनही शिवलं, तरी उपचार. आणि ते खोलीत असताना मूल रडत-घाबरत जागं झालं असेल, तर तीही संपर्काची खूण मानतात.

2024 साली ऑन्टॅरिओत एका मुलाचा रेबीजने मृत्यू झाला. त्याच्या खोलीत वटवाघूळ सापडलं होतं, आई-वडिलांनी अंग तपासलं, काही दिसलं नाही, म्हणून उपचार घेतले गेले नाहीत. त्या प्रांतातच लागण होऊन रेबीज झाल्याची 1967 नंतरची ती पहिली घटना. आकडेवारीच्या बाजूने विचार करणारे चूक आहेत असं मी म्हणणार नाही. पण मूल झोपलं होतं आणि वटवाघूळ निसटलं, अशा स्थितीत मी आकडेवारीकडे पाहणार नाही, इंजेक्शनं देऊन मोकळा होईन. कॅनडात त्याचे पैसेही पडत नाहीत. वटवाघूळ डब्यात असेल, तर हा वाद उद्भवतच नाही.

घरात मांजर-कुत्रा असेल तर पशुवैद्याला लगेच कळवा. मांजरं वटवाघूळ पकडतातच. प्राण्याची लस चालू असेल तर एक वाढीव डोस आणि पंचेचाळीस दिवस घरात नजरेखाली ठेवणं एवढ्यावर भागतं. लस दिलेलीच नसेल तर चार महिने कडक विलगीकरण, किंवा त्याहून वाईट निर्णय.

महाराष्ट्रातल्या घरात

इथे यातलं किती लागू होतं? भारतात वटवाघळापासून माणसाला रेबीज झाल्याचं निर्विवाद सिद्ध झालेलं नाही, म्हणून आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी वटवाघळाच्या संपर्कासाठी लस सुचवलेली नाही. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी पाकोळीएवढं वटवाघूळ शिरलं, तर दिवे मालवून खिडकी उघडणं हेच योग्य. पण चित्र पूर्ण कोरं नाही. नागालँडमधल्या वटवाघळांच्या रक्तात रेबीजच्या कुळातल्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली आहेत. श्रीलंकेत, मोठ्या फळखाऊ वटवाघळांमध्ये, त्याच कुळातला गन्नोरुवा नावाचा विषाणू सापडला; आणि हीच जात आपल्याकडे वडा-पिंपळांवर शेकड्यांनी लटकलेली असते. जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाशी झालेला थेट संपर्क सर्वांत गंभीर गटात धरते. म्हणून माझं मत असं: नुसतं घरात आलं तर सोडून द्या, चावलं किंवा ओरखडलं तर पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लशीचं विचारा. सरकारी रुग्णालयांत ती मिळते. आणि त्या इम्युनोग्लोब्युलिनला पर्याय म्हणून रॅबिशिल्ड नावाचं औषध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेच आणलं आहे.

महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह या विषाणूच्या खुणा सापडल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने 2021 साली प्रसिद्ध केलं, तेव्हा घराजवळची झाडं तोडण्याची, धूर करून वटवाघळं हुसकण्याची भाषा सुरू झाली. खोलीत चुकून शिरलेल्या वटवाघळाचा त्याच्याशी संबंध जोडू नका. उष्टी फळं खाऊ नका, गुहांत शिरू नका, एवढं पुरे. ती एका रात्रीत ढिगाने किडे खातात, फळांच्या बिया दूर नेऊन टाकतात. त्यांना मारून आपलंच नुकसान होईल.

ती फट

अमेरिकेत एकदा आलं की पुन्हा येतं, कारण बहुधा ॲटिकमध्ये त्यांची वसाहत असते. सव्वा सेंटिमीटर बाय सहा-सात मिलिमीटरच्या फटीतूनही ती शिरतात. संध्याकाळी अंधार पडताना दोघांनी घराच्या दोन बाजूंना उभं राहून पाहिलं, तर ती कुठून बाहेर पडतात ते दिसतं. धुराड्याच्या कडेला, छपराच्या खालच्या फळीत, खिडकीच्या चौकटीजवळ तपकिरी डागही असतात. तिथे बाहेर पडता येईल पण आत येता येणार नाही अशी जाळी लावतात आणि काही रात्रींनी, सगळी गेली की, फट बुजवतात. मात्र जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत हे काम करू नये. तेव्हा आत उडता न येणारी पिल्लं असतात. आया बाहेर अडकतात, पिल्लं आत मरतात किंवा वाट शोधत खाली झोपायच्या खोल्यांत उतरतात. अनेक राज्यांत या काळात त्यांना बाहेर काढायला कायद्यानेच बंदी आहे. तोवर ॲटिकचं दार, दिव्यांभोवतीच्या आणि पाइपांजवळच्या आतल्या फटी बंद करा, आणि मुलांच्या खोलीच्या दाराखाली पट्टी लावा. ॲटिक साफ करताना विष्ठेचा ढीग कोरडा झाडू नका, त्यातली बुरशी फुफ्फुसात जाते. आधी पाणी शिंपडून ओला करा आणि एन-95 मास्क लावा. उरलेलं काम सप्टेंबरमध्ये.